जत्रेत खाजे कमी आणि गोबी जास्त का?

दिवाळी सरली की गोव्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि वैशाखात शिरगावला लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालून जाईपर्यंत तो थांबत नाही. मधल्या काळात फातर्प्याची जत्रा, म्हापशाचा बोडगेश्वर, कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, जांबावलीचा गुलाल आणि ज्यांचे नाव तालुक्याबाहेर कोणाला माहीत नाही अशा वाड्यावाड्यांवरच्या जत्रा येऊन जातात. यातल्या जवळपास प्रत्येक जत्रेनंतर एक तक्रार ठरलेली: "फेरी (जत्रेतला बाजार) मोठी भरली, पण आपली दुकानं कुठं दिसली?" खाजे, म्हणजे बेसन-गुळाचा जत्रेतला खाऊ, विकणारी खाजेवाली देवळामागच्या काळोखात बसलेली आणि महाद्वारासमोर गोबी मंचुरियनच्या गाड्यांची रांग, हे चित्र आता कोणाला नवे नाही.

या तक्रारीला दोन तयार उत्तरे मिळतात. एक, हल्लीच्या पोरांना खाजे आवडत नाही. दोन, बाहेरच्यांनी सगळे बळकावले. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण मला वाटते, खरे उत्तर जमिनीवर आखलेल्या चुन्याच्या चौकोनात आहे. त्या चौकोनाचा भाव काय, यावर त्यात कोण बसणार आणि काय विकणार हे ठरते. गावातल्या लहान धंद्याला मदत करायची म्हणून सरकार, पंचायत आणि देवस्थाने बरेच काही बोलतात, त्यात या चौकोनाची गोष्ट क्वचितच निघते. म्हणून आधी तीच समजून घेऊ.

चौकोनाचा मालक कोण?

जागा देवळाची असेल तर देवस्थान समितीची, रस्त्याकडेची किंवा सार्वजनिक असेल तर पंचायतीची अथवा पालिकेची. गोव्यातल्या बहुतेक देवस्थानांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमावलीवर चालतो. महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, समिती निवडतात आणि वर देखरेखीला मामलेदार असतो. पंचायत किंवा पालिका बसण्याचे जे शुल्क घेते त्याला आपण सोपो म्हणतो. बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई रोज जो देते तोच हा सोपो.

जत्रेत मात्र जागा बहुधा पावणीवर जाते. पावणी म्हणजे लिलाव. कधी एकेका दुकानाची जागा पुकारतात, कधी सगळे मैदान किंवा सगळा सोपो एकाच ठेकेदाराला देतात आणि तो पुढे दुकानदारांकडून वसूल करतो. समितीला हे सोयीचे पडते. एकाच माणसाशी व्यवहार, पैसे आधी हातात, आणि शंभर जणांच्या मागे पावत्या घेऊन धावायला नको.

यात काय बिघडते ते खाजन शेतीवाल्याला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत पीक घेणाऱ्याला, पटकन कळेल. खाजनाच्या बांधाला मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारा आणि सोडणारा दरवाजा. मानशीवर मासे धरण्याचा हक्कही पावणीवर जातो. पावणीत मोठी रक्कम ओतलेल्या माणसाला ती मासळीतूनच काढायची असते, म्हणून तो खारे पाणी हवे त्यापेक्षा जास्त वेळ आत घेतो. मासळी मिळते, शेत मात्र खारटते. त्याला शेताशी वैर नसते, पण पावणी लागली तेव्हा शेताचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो. जत्रेच्या मैदानाचे हुबेहूब असेच होते.

पाच रात्रींचा हिशेब

आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, कोणत्याही एका जत्रेचे नाहीत. समजा, मैदान ५ लाखांना गेले आणि त्यात १०० दुकाने बसतात. ठेकेदाराला नुसती रक्कम सुटायलाच दुकानामागे ५,००० हवेत. त्याची माणसे, त्याचा धोका, त्याचा नफा धरला की तो ७,००० मागणार.

आता खाजेवाली. पाच रात्रींत तिने २५,००० चे खाजे, खडखडे लाडू आणि चणे विकले. बेसन, गूळ, तेल, आले, तीळ यांचे ११,००० गेले. गॅस, पिशव्या आणि टेम्पोचे ३,०००, विजेचे ५००, जागेचे ७,०००. उरले ३,५००. दुकानावर दोघे बसले तर दर माणशी दर रात्रीला ३५० रुपये पडले. घरी आधी चार दिवस खाजे तळले, त्याचे काहीच नाही.

तीच जागा ३,००० ला मिळाली तर? उरतात ७,५००, म्हणजे रात्रीला माणशी ७५०. विक्री एका रुपयाने वाढली नाही, कमाई मात्र दुपटीहून जास्त झाली. कोणतेही प्रशिक्षण, कोणताही 'ब्रँडिंग'चा वर्ग हे पाच रात्रींत करू शकत नाही.

गोबीवाल्याचे गणित वेगळे. कोबी स्वस्त, मैदा स्वस्त, आणि शंभराच्या बशीत मालाचा खर्च थोडका. त्यामुळे तो ७,००० काय, १२,००० देऊनही सुटतो. पाळणेवाल्याचे आणि प्लॅस्टिकच्या खेळण्यांचेही तसेच. म्हणजे जागा महागली की आधी कोण गळतो? ज्याच्या मालात हात आणि वेळ जास्त आणि नफा कमी, तो. आवडीनिवडीचा प्रश्न त्याच्या नंतर येतो. जे दुकान लागलेच नाही, त्याची आवड पोरांना लागणार कशी?

शंभर रुपये गावात किती हात फिरतात?

यावर कोणी म्हणेल, खाजे जावो नाहीतर गोबी राहो, पैसा आला म्हणजे झाले. इथे अर्थशास्त्रातली एकच कल्पना लागते, तिला गुणक म्हणतात. पाहुण्याने गावात खर्च केलेला रुपया पहिल्या हातात थांबत नाही. खाजेवाली त्यातून पदेराकडून पाव घेते, शिंप्याचे देणे भागवते. शिंपी त्यातून मासळी घेतो. प्रत्येक हात किती गावात खर्च करतो, यावर त्या रुपयाने गावात एकूण किती काम केले ते ठरते.

समजा, प्रत्येक हात मिळालेल्या शंभरातले ६० गावातच खर्च करतो. मग १००, त्यातले ६०, त्यातले ३६, असे करत बेरीज २५० वर जाते. प्रत्येक हात २० च गावात ठेवत असेल तर १०० अधिक २० अधिक ४, म्हणजे सगळे मिळून १२५ च. गर्दी तेवढीच, पावत्या तेवढ्याच, पण गावाला मिळाले निम्मे.

भाबडेपणा मात्र नको. खाजे पूर्ण गावचे नाही. बेसन घाटावरून येते, गूळही बहुधा तिकडचाच. गावात राहते ती मेहनत आणि नफा. म्हणून 'स्थानिक' हा शिक्का मारण्यापेक्षा मालातला कोणता हिस्सा कुठून आला हे बघणे बरे.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारा सण माझ्या मते जत्रा नसून चवथ आहे, माटोळीमुळे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि कुळागरातली फळे, पाने, फुले बांधतात, ती माटोळी. नारळाची पेंड, सुपारीचा घड, केळ्यांचा घड, मावळिंग, कवंडळ, घागऱ्या, कांगणे... यातली बरीच नावे आजकाल फक्त चवथीच्या आठवड्यात ऐकू येतात. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या बायका पहाटे रानात जाऊन हा माल गोळा करतात आणि फोंडा, डिचोली, साखळी, म्हापसा, मडगावच्या बाजारात जमिनीवर पोते टाकून बसतात. या मालाला बाहेरून काहीही विकत आणावे लागत नाही. बसभाडे आणि सोपो सोडले तर आलेला जवळपास प्रत्येक रुपया त्या घरात जातो, आणि ते घर तो वाळपई किंवा केप्याच्या दुकानांत मोडते.

या धंद्याची दुखरी बाजू मुदत. चवथीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कांगण्याच्या जुडीला भाव असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाचोळा. गिऱ्हाइकाला हे ठाऊक असते. म्हणून मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारा माणूस इथे उकिडवा बसून "दहाला दोन दे गे" म्हणत पंधरा मिनिटे घालवतो. मीही घालवली आहेत, नाही कशाला म्हणू.

पुरुमेंताच्या फेस्तालाही थोडेफार हेच लागू. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी सुके खारे (सुकी मासळी), मिरच्या, चिंच, सोले, व्हिनेगर यांची बेगमी करायची, ती पुरुमेंत. तिथला माल मात्र टिकतो, म्हणून विक्रेत्याला घाई कमी आणि भावात जोर जास्त.

मग कर्जे आणि योजना आहेत, त्यांचे काय?

लहान दुकानदाराला हंगामाच्या आधी लागते खेळते भांडवल, म्हणजे माल भरायला आज लागणारा आणि विक्री झाली की परत येणारा पैसा. ते नसले की तो दररोज वसुली करणाऱ्याकडे जातो. नेहमीचा प्रकार असा: १०,००० लिहून घ्यायचे, हातात ९,००० द्यायचे, आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस वसूल करायचे. ऐकायला दहा टक्के वाटतात. पण पहिल्या दिवशी ९,००० वापरायला मिळाले आणि शेवटी शून्य, म्हणजे सरासरी ४,५०० च शंभर दिवस वापरले. त्यासाठी १,००० मोजले. शंभर दिवसांत २२ टक्के, वर्षाच्या हिशेबात ८० च्या आसपास.

याला पर्याय म्हणून केंद्राची पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. फेरीवाल्याला तारणाशिवाय आधी १०,०००, ते फेडले की २०,०००, मग ५०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवताना पहिले दोन टप्पे १५,००० आणि २५,००० केले. पण योजना जन्मली शहरांसाठी. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदाही महापालिका, नगरपालिका यांच्यासारख्या शहरी संस्थांपुरता, ग्रामपंचायत त्यात नाही. गोव्यात याने मजेशीर घोळ होतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, कारण पंचायत असलेली कितीतरी गावे जनगणनेच्या लेखी 'शहर' आहेत. नव्या रचनेत अशी जनगणना-शहरेही टप्प्याटप्प्याने घ्यायचे ठरले आहे. त्यामुळे आपले गाव कोणत्या यादीत बसते, हे पंचायत सचिवाला विचारण्यासारखे आहे.

पीएम विश्वकर्मा ही दुसरी, सप्टेंबर २०२३ पासूनची. आधी १ लाख, मग २ लाख, ५ टक्के व्याजाने, शिवाय अवजारांना १५,००० आणि प्रशिक्षणात रोज ५०० भत्ता. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. कुंभार, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे आणि हार गुंफणारे त्यात येतात, म्हणजे म्हार्दोळच्या जायांचे हार विकणाऱ्याला दार उघडे. खाजेवाला मात्र यादीत नाही. त्याच्यासाठी आहे ती २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना: प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. यंत्र घ्यायला ती चांगली. पण कार्तिकातल्या बेसनाच्या पोत्याला यंत्राचे अनुदान उपयोगी पडत नाही. तिथे गावातला स्वयंसाहाय्य गट अजूनही जास्त कामाचा, कारण त्याच्या अंतर्गत कर्जाला अर्ज लागत नाही, शेजारणीची ओळख लागते.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. एखाद्या मालाचे नाव त्याच प्रदेशातल्या उत्पादकांनी वापरायचे, असा हा हक्क. फेणीला २००९ मध्ये मिळाला, पुढे खोला मिरची, हरमल मिरची, खाजे, बेबिंका यांनाही. हे मानांकन नक्कल अडवते. महाद्वारासमोरची जागा काही मिळवून देत नाही.

सगळ्या योजनांची मेख इथेच आहे. कर्जाने दुकानदाराची देण्याची ताकद वाढते, आणि पावणी असते ती कोण किती देऊ शकतो यावर. जागेचा नियम तसाच राहिला तर सरकारने दिलेले पंधरा हजार फिरून ठेकेदाराच्या गल्ल्यात जाऊन बसतात.

"पण देवळालाही पैसा लागतो ना?"

लागतोच. पालखी, वीजबिल, डागडुजी, महाप्रसाद, सगळे त्या पावणीतून निघते. सगळी जागा स्वस्त करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण सगळ्या जागा एकाच पावणीत घालायची गरज नाही. मघाच्या उदाहरणात १०० पैकी १५ चौकोन वेगळे काढून स्वतः माल करणाऱ्यांना ३,००० च्या ठरावीक भावाने, चिठ्ठ्या टाकून दिले, तर त्यांचे ४५,००० आले. उरलेल्या ८५ ची पावणी आधीच्याच प्रमाणात, म्हणजे ४ लाख २५ हजारांना गेली, तर एकूण ४ लाख ७० हजार. देवळाला ३०,००० चा खड्डा पडतो, तोही जागा कमी झाल्याने उरलेल्यांचा भाव चढला नाही असे धरून. हा खड्डा महाजनांच्या सभेत उघड मांडता येतो, आणि एखादा पाळणेवाला किंवा जाहिरातीची कमान तो भरून काढू शकते.

यात चोरवाटही आहे आणि ती लपवून उपयोग नाही. गावातला कोणीतरी चिठ्ठी आपल्या नावावर काढतो आणि जागा दुप्पट भावाने दुसऱ्याला देतो. म्हणून अट हवी: ज्याच्या नावावर जागा, तो दुकानावर बसलेला दिसला पाहिजे. न दिसला तर पुढल्या वर्षी नाव बाद. गावात कोण कुठे बसले हे लपत नाही, फक्त बोलून दाखवायला कोणी तयार होत नाही.

"त्यापेक्षा बाहेरच्यांना बंदीच का नको?"

कारण पहिले म्हणजे कायदा. देशात कुठेही धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे, आणि आडनाव बघून जागा नाकारणारा ठराव न्यायालयात टिकणे कठीण. दुसरे म्हणजे व्यवहार. पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची दुकाने हे सगळे गेले तर पोरे घरी मोबाइल बघतील आणि खाजेवालीसमोर उभे राहायला कोणी नसेल. आणि उद्या सावंतवाडीच्या किंवा कारवारच्या जत्रेने आपल्या माणसांना हेच ऐकवले तर? माल करणारा कोण, हा निकष लावला तर वादच उरत नाही. बाहेरून येऊन बसलेला कुंभारही त्यात बसतो, आणि घाऊक बाजारातून खेळणी आणून विकणारा गावकरी बसत नाही. यातला दुसरा भाग गावात ऐकवणे जड जाईल, याची मला कल्पना आहे.

"आजीने कधी लायसन काढले होते?"

नव्हते काढले. पण आजीच्या गिऱ्हाइकाला आजीचे घर ठाऊक होते. जत्रेत ती ओळख नसते, म्हणून कागद लागतो. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली, ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांच्या तक्रारींवरून. बातमी देशभर गाजली, लोक हसले, पण मुद्दा गंभीर होता. कढईत काय आहे याची जबाबदारी कोणाची, हे कोणाला सांगता येत नव्हते.

२०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत लहान विक्रेत्यासाठी साधी नोंदणी ठेवली आहे. वर्षाची उलाढाल लहान असेल तर परवाना नव्हे, फक्त नोंदणी, शुल्कही थोडके. फिरता विक्रेता आणि तात्पुरते दुकान मांडणारा, दोघेही त्यात नावानिशी येतात. समितीने जागा देताना ही नोंदणी मागितली तर खाजेवालीचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोज नव्या गावी, नव्या नावाने कढई मांडणाऱ्याचे.

जागा आता आणखी कमी होणार

मे २०२५ मध्ये शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. त्यानंतर वाट मोकळी ठेवा, दुकाने मागे हटवा, हा आग्रह सगळीकडे वाढला आणि तो योग्यच आहे. माणसे चालायच्या वाटेवर चुन्याचा चौकोन नकोच. पण १०० च्या जागी ७० दुकाने बसली आणि पावणी ५ लाखांचीच राहिली, तर ठेकेदाराला दुकानामागे ७,००० हून जास्त नुसते बरोबरीलाच लागतील. मग तो मागेल दहा. वरच्या हिशेबात जागेच्या ७,००० च्या जागी १०,००० लिहा: पाच रात्री, दोन माणसे, आणि पदरात ५०० रुपये. पुढल्या वर्षी ती येणार नाही, आणि आपण म्हणणार, हल्लीच्या पोरांना खाजे आवडत नाही.